मुख्य अर्जदार

आमच्या चटईच्या कारखान्याच्या पाटीवर माझं नाव आहे. आधी माझं नाव, मग 'एंटरप्रायझेस'. मी धुळ्याहून लग्न होऊन जळगावला आले त्याच वर्षी कारखाना सुरू झाला. सासूबाई म्हणाल्या, नव्या सुनेचा पायगुण चांगला आहे, तिच्याच नावाने काढा. बाईच्या नावाने उद्योग काढला की कर्जाला सवलत मिळते हेही त्यात होतंच, पण घरात बोलायची गोष्ट पायगुणाची. दिवाळीत वहीपूजनाला मालकीण म्हणून मला पाटावर बसवतात. मी वहीवर स्वस्तिक काढते, हळदकुंकू वाहते, कारखान्यातली माणसं येऊन पेढा घेतात, आणि मग मी पदर खोचून स्वयंपाकघरात जाते, कारण एवढ्या सगळ्यांचं जेवण आमच्याकडेच असतं. वर्षातून तेवढीच माझी मालकी. मला त्यात कधी वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटायचं.

बाकी वर्षभर नुसत्या सह्या. हे, म्हणजे माझे यजमान, सकाळी चहाच्या वेळी कागद पुढे करत. जिथे सही हवी तिथे त्यांनी पेन्सिलीने बारीक फुली मारलेली असे. फुली दिसली की सही करायची आणि चहा गाळायला उठायचं. वाचू नकोस असं मला कुणी कधी सांगितलं नाही. पण आमच्याकडे नवऱ्याने पुढे केलेला कागद बायको वाचत बसली तर तिचा नवऱ्यावर भरवसा नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो. माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायका अशाच मालकिणी आहेत. कुणाच्या नावावर डाळमिल, कुणाच्या नावावर गोडाऊन, आणि सगळ्यांना फुली तेवढी ओळखता येते. त्यांचं सोडा. मी बी.कॉम. आहे, धुळ्याच्या कॉलेजात हिशेबतपासणीला मला वर्गात चांगले मार्क होते. हे लिहितानासुद्धा कान तापतात.

ह्यांच्या डोक्यात परदेश बरीच वर्षं घोळत होता. आमच्या चटया मुंबईच्या व्यापाऱ्यांमार्फत आखातात आणि आफ्रिकेत जातात. मध्यंतरी एका प्रदर्शनात ह्यांना कळलं की युरोपातही लोक प्लास्टिकच्या चटया घेतात. बागेत अंथरतात, समुद्रावर नेतात, तंबूत टाकतात. मुंबईवाल्याला मधून काढायचं, तिकडे बंदराजवळ आपलंच गोडाऊन घ्यायचं, आपणच तिकडे जाऊन राहायचं आणि इथला कारखाना माणसांवर सोपवायचा, असं त्यांनी ठरवलं. मुलगी पुण्याला नोकरीला लागली होती, सासूबाई धाकट्या दिरांकडे राहायला तयार होत्या. म्हणून आम्ही दोघं एका व्हिसाच्या सल्लागाराकडे गेलो. एरवी अशा कामाला हे मला कशाला नेतील, पण तो म्हणाला होता, मॅडमचेही पासपोर्ट-फोटो लागतील.

सल्लागाराच्या टेबलावर पाच-सहा देशांचे चिमुकले झेंडे होते. बोलताना तो ज्या देशाबद्दल बोलेल त्याचा झेंडा पुढे सरकवायचा.

"आखात सोपं आहे, साहेब," तो म्हणाला. "लायसन काढा, कंपनी काढा, त्यावर राहायचा व्हिसा. पण तिथे अर्धं जळगाव आधीच जाऊन बसलंय. अमेरिकेत व्यापाऱ्यांसाठी एक झकास व्हिसा आहे, पण ज्यांच्याशी त्यांचा तसा करार आहे त्यांनाच. आपला नाही. काही लोक आधी एखाद्या बेटाचं नागरिकत्व विकत घेतात आणि मग तिथले म्हणून अर्ज करतात."

"बेटाचं?" हे म्हणाले.

"पासपोर्टापुरतं, साहेब. बेटावर राहायचं नसतं." मला हसू आलं, ह्यांना आलं नाही. "इंग्लंडला धंद्याची कल्पना नवी लागते. चटई काही नवी नाही."

"चटईत नवं काय असणार," हे म्हणाले. त्यांना ते जरा लागलंच.

मग त्याने एक झेंडा पुढे सरकवला. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्या देशाचा काही दोष नाही. तिथे चालू धंद्याच्या मालकाला कंपनी काढून राहता येत होतं. मालकाचा अनुभव दाखवायचा, पैसा कुठून आला ते दाखवायचं, पुढचा बेत लिहून द्यायचा आणि मुंबईला त्यांच्या वकिलातीत मुलाखत द्यायची. ह्यांचा चेहरा खुलला. त्यांनी फाइल पुढे केली. सल्लागार पानं उलटत गेला आणि एकदम त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली.

"म्हणजे मुख्य अर्जदार मॅडम होणार," तो म्हणाला. "सगळं मॅडमच्या नावावर आहे. साहेब, तुम्ही अवलंबित, मॅडमच्या व्हिसावर जाणार."

"ते फक्त कागदावर हो," हे म्हणाले.

"वकिलातीला कागदच दिसतो, साहेब."

"मग फर्म माझ्या नावावर करून घेतो."

"घ्या की. पण मग तुमच्या नावाने काही वर्षं धंदा दिसायला पाहिजे, विवरणपत्रं पाहिजेत. तोवर नियम कुठल्या कुठे जातील." आणि ह्यांना बरं वाटावं म्हणून तो हसून म्हणाला, "तुम्ही आता निवांत, साहेब. अवलंबिताला मुलाखत नसते. त्याला कोणी काही विचारत नाही."

हे हसले. पण मी त्यांना ओळखते. त्यांची मान अशी खाली गेलेली मी कधी पाहिली नव्हती, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, जणू मीच त्यांच्या पाठीमागे जाऊन सगळं नावावर करून घेतलं होतं. जिना उतरताना मी म्हणाले, "राहू द्या ना, कशाला जायचं परदेशात." ते म्हणाले, "तुला फक्त थोडं पाठ करावं लागेल."

दुसऱ्या दिवसापासून चहा झाला की माझी तोंडी परीक्षा सुरू झाली. सल्लागाराने नमुन्याचे प्रश्न दिले होते. तुमचा कच्चा माल कोणता? मी म्हणाले, प्लास्टिक. कसलं प्लास्टिक? मी गप्प. दिवसाला किती माल निघतो? गप्प. तुमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण? मी एका मुंबईच्या शेठजींचं नाव सांगितलं, कारण दिवाळीला त्यांच्याकडून सुकामेवा येतो. ते शेठजी म्हणे कधीच धंद्यातून निवृत्त झाले होते.

"एवढंही माहीत नाही तुला?" हे म्हणाले.

सांगितलंत कधी, असं जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. कारण त्यांचं तरी काय चुकलं? मी विचारलं कधी? कारखान्यातून आलेल्या माणसाच्या शर्टाला जो वास येतो तो कशाचा, हे मी इतकी वर्षं ते शर्ट धुवायला टाकूनही विचारलं नव्हतं.

पाठ करून ते डोक्यात राहीना, म्हणून मी एका सकाळी एकटीच रिक्षा करून एमआयडीसीत गेले. दसऱ्याच्या यंत्रपूजेला गाडीतून जायचं आणि आरती करून परत यायचं, एवढाच माझा तिथला रस्ता. फाटकावर नवा रखवालदार होता. "साहेब नाहीत," तो म्हणाला. "नंतर या." त्याच्या डोक्यावर पाटी होती आणि पाटीवर माझं नाव. मी कोण हे त्याला सांगायला माझं तोंड उघडेना. सुपरवायझरने आतून मला पाहिलं, धावत आला, रखवालदाराला झापायला लागला. मी म्हणाले, "त्यांना कशाला बोलता? त्यांनी मला कुठे पाहिलंय?" मला ऑफिसात नेऊन बसवलं, एसी लावला, थंड पेय आणलं आणि सगळे दारात उभे राहिले. कुणाला कळेना की आता माझं काय करायचं. मलाही कळेना.

पण मग मी रोजच जाऊ लागले. थंड पेय बंद झालं, नंतर खुर्चीही बंद झाली. मी प्लास्टिकचा दाणा पाहिला. नवा दाणा साखरेसारखा पांढरा, आणि जुनं प्लास्टिक दळून केलेला मळकट. दोन्ही कसे मिसळतात, त्यातून रंगीत पट्ट्या कशा ओढतात, त्या यंत्रावर कशा विणल्या जातात, बायका किनार कशी शिवतात, हे सगळं मी उभी राहून पाहिलं. वास कशाचा ते कळलं. तो माझ्या साड्यांना येऊ लागला आणि मला तो आवडायला लागला. युरोपातल्या गिऱ्हाइकांच्या मेल यायच्या, त्या मी वाचू लागले. आमच्याकडे एक नाचणारा मोर असलेली लालहिरवी चटई आहे, ती ह्यांच्या फार जिवाची. तिकडच्या लोकांनी तीन वेगवेगळ्या मेलमध्ये अगदी सभ्य शब्दांत लिहिलं होतं की मोर नकोत.

जेवताना मी ह्यांना ते सांगितलं.

"मोर चालतो," हे म्हणाले.

"आफ्रिकेत चालतो. युरोपवाल्यांना राखाडी आणि निळी पाहिजे, साधी."

"तुला पाठ करायला सांगितलं होतं."

"पाठ झालं म्हणूनच सांगतेय."

ते भाकरी मोडत राहिले. तेवढ्यात सल्लागाराचा फोन आला. फोन समोर टेबलावर ठेवलेला होता आणि आवाज मोठा होता. त्याने माल पाठवण्याबद्दल काही विचारलं आणि ह्यांच्या आधी उत्तर मी दिलं. उत्तर बरोबर होतं. "वा मॅडम," तो म्हणाला, "तयार झालात की!" हे ताटावरून उठले. मला एकीकडे भारी वाटत होतं आणि त्या भारी वाटण्याची दुसरीकडे लाज वाटत होती. नवऱ्याच्या तोंडचा शब्द काढून घ्यायला मला माझ्या आईने शिकवलं नव्हतं.

थंडीत ह्यांच्या मित्रांनी नशिराबादकडच्या एका शेतात भरीत पार्टी ठेवली. वांगी भाजायला पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, जाळ, मोठाल्या पराती, पन्नासेक माणसं. अर्ज नुकताच गेला होता, मुलाखतही व्हायची होती, पण आमच्याकडे माणूस निघणार म्हटलं की आधी सत्कार होतो. ह्यांना शाल घातली, नारळ दिला, टोपी घातली. भाषणं झाली. जळगावची चटई युरोप जिंकणार, असं एकजण म्हणाला. हे म्हणाले, "मी तर जातोच आहे, हिलाही नेतोय. तिकडे भाकरी कोण करणार?" सगळे हसले. मी बायकांमध्ये बसून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या थापत होते. ह्यांनी लांबूनच माझ्याकडे एकदा बघितलं, आणि काय बोलायचं नाही ते मला समजलं.

शेजारची म्हणाली, "नशीब काढलंत. भाऊंच्या मागे फिरायला मिळणार तुम्हाला."

"हो ना," मी म्हणाले आणि पुरी तेलात सोडली.

धुळ्याला माझी आई राहते. आम्ही भावंडं तिला अक्का म्हणतो. मुलाखतीआधी मी तिला भेटायला गेले, एकटीच. तिला मी खरं ते सांगितलं, कारण तिच्याशी खोटं बोलायची मला सवय नाही. किंवा नव्हती, असं म्हणायला पाहिजे. अक्का चार यत्ता शिकलेली, बोलणं सगळं अहिराणीत. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुना नाववर बठ्ठं शे ना?" ती म्हणाली. "मंग तुलेच इचारतीन. इचारतीन ते सांगजो. घाबरू नको."

आणि संध्याकाळी ओट्यावर बसून तिने शेजारणीला मोठ्याने सांगितलं, "मनी पोर मालकीन शे. ती जाई राहिनी. जवाई तिना संगे जाई राहिना."

मी आत शेवभाजीची फोडणी करत होते. हातातला झारा तसाच राहिला. मी जातेय आणि हे माझ्यासोबत येताहेत, हे वाक्य तोवर कुणी, अगदी मीसुद्धा, मनातही म्हटलं नव्हतं. मला बाहेर जाऊन तिला गप्प करावंसं वाटलं आणि ती पुन्हा म्हणेल का म्हणून मी कानही दिला. ती पुन्हा म्हणाली, या वेळी समोरच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं.

मुलाखतीला हे मुंबईपर्यंत आले. वकिलातीच्या दारात त्यांना थांबवलं. अवलंबिताला आत सोडत नव्हते. ते रस्त्यापलीकडे झाडाखाली उभे राहिले, हातात माझी पर्स आणि पाण्याची बाटली. आयुष्यभर बँकेत, कचेरीत ते आत जायचे आणि मी बाहेर पर्स घेऊन बसायची. तेव्हा मला कधी काही वाटलं नव्हतं, आणि त्यांनाही वाटलं नसणार.

आत काचेपलीकडे एक बाई होती, माझ्याच वयाची, नाकावर चष्मा. माझं इंग्रजी मोडकं आहे, पण ती थांबून ऐकत होती. तिने दाण्याबद्दल विचारलं, गिऱ्हाइकांबद्दल, तिकडच्या गोडाऊनबद्दल विचारलं. मी सांगितलं. मोराचंही सांगितलं आणि ती हसली. मग तिने विचारलं, "धंद्यातले निर्णय कोण घेतं?"

याचं उत्तर पाठ होतं. "मी," असं मी म्हणाले. खोटं होतं ते. पण खोटं बोलल्याची लाज वाटली नाही. ते खरं असावं असं मला फार वाटलं, आणि त्याची लाज वाटली.

तिने काहीतरी लिहून घेतलं. मग पेन ठेवून, कागदाकडे न बघता तिने विचारलं, "समजा तुमचे यजमान आले नाहीत. तरी तुम्ही जाल?"

हा प्रश्न नमुन्यात नव्हता.

"हो," मी म्हणाले. विचार करायच्या आधीच तोंडातून निघून गेलं.

बाहेर आले तेव्हा हे रस्ता ओलांडून धावत आले. काय विचारलं, काय सांगितलं, पुन्हा सांग. मी एकेक प्रश्न सांगितला आणि शेवटचा सोडून दिला. परतीच्या गाडीत ते खूश होते, बोलण्याच्या नादात जळगाव मागे पडून भुसावळला उतरावं लागलं तरी चालेल अशा गप्पा मारत होते. मी खिडकीकडे तोंड करून बसले. माझं लग्न काही वाईट नाही. हे मला कधी टाकून बोलले नाहीत, मुलीच्या वेळी रात्रंदिवस दवाखान्यात बसले होते. आणि मी एका परक्या बाईला काचेतून सांगून आले होते की ते नसले तरी मी जाईन.

व्हिसा आला. दोन्ही पासपोर्ट एकाच पाकिटात आले. ह्यांनी पाकीट फोडलं, आधी देवापुढे ठेवलं, मग सल्लागाराला फोन लावला. तो अभिनंदन म्हणाला आणि पुढचं समजावू लागला. कंपनी मॅडमच्या नावाने निघेल. बँकेत मॅडमना स्वतः जावं लागेल. तिकडे बँकवाले मालकाला समोर बसवून विचारतात, घरून सही आणलेली चालत नाही. साहेबांना काम करता येईल, मॅडमच्या कंपनीत नेमणूक दाखवायची.

"म्हणजे पगारावर?" हे म्हणाले.

"कागदावर, साहेब. फक्त कागदावर."

ह्यांनी फोन ठेवला, पासपोर्ट कपाटात ठेवले आणि ते कारखान्यात गेले. मी गेले नाही. त्या दिवशी जाववेना.

आठवडाभर घरात परदेशाचा विषय निघाला नाही. मग ते म्हणाले, तिकडे थंडी फार असते. मग म्हणाले, आईचंही वय झालं. मी म्हणाले, "पण व्हिसा आलाय." ते म्हणाले, "माझ्या वयाला बायकोच्या हाताखाली नोकरी करू का?" रागाने नव्हते म्हणाले. खरोखरच मला विचारल्यासारखं विचारलं.

पुढे भाजी बाजारात एक ओळखीची भेटली. तिने माझा हात हातात घेतला. "वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "मुलाखतीत भलेभले नापास होतात. माझी तर बोबडीच वळली असती." मी घरी येऊन ह्यांना विचारलं. ह्यांनी नजर चुकवली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला पाहिजे.

"काहीतरी सांगावं लागतंच ना लोकांना," ते म्हणाले. "पार्टी झाली, शाल झाली. मीच जात नाही म्हटलं तर बाजारात काय राहील माझं? तुझ्याकडून झालं नाही म्हटलं तर कुणी काही बोलत नाही. बायकांचं लोक समजून घेतात."

मला संताप आला. भाजीची पिशवी मी ओट्यावर आपटली, टोमॅटो फुटले. पण तो संताप स्वयंपाकघराबाहेर गेला नाही. मला एवढंच वाटलं, ह्यांनी निदान धुळ्याला तरी हे सांगू नये. तिथे अजून सांगितलेलं नव्हतं.

ते त्यांनी पुढच्या महिन्यात सांगितलं, अक्काच्या घरी, अक्काच्या समोर, जेवायला बसलेले असताना. "अक्का, परदेशाचं काही झालं नाही. हिला तिथे बोलता आलं नाही."

अक्का वाढत होती. तिने हातातली पळी पातेल्यात ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. ह्यांच्याकडे नाही, माझ्याकडे.

"काय वं बेटा? नही जमनं?"

व्हिसा कपाटात होता, त्यावर माझा फोटो होता आणि त्याची मुदत संपलेली नव्हती. हे मान खाली घालून भात कालवत होते. मी एक वाक्य बोलले असते तर अक्काने तिथल्या तिथे वाढणं सोडून ओट्यावर जाऊन गल्लीला सांगितलं असतं. आणि माझ्या नवऱ्याला सासुरवाडीत भरल्या ताटावर खोटं ठरवलं असतं मी. त्यातच तो काचेपलीकडचा प्रश्न आठवला. त्या एका 'हो'ची फेड म्हणून असेल, मी म्हणाले, "हो अक्का. नाही जमलं."

ती जवळ आली. माझ्या पाठीवरून हात फिरवला तिने.

"जाऊ दे बेटा. तुले एवढं बठ्ठं कोनी शिकाडं व्हतं?"

इतकी वर्षं झाली, आईपुढे मी कधी नापास होऊन आले नव्हते. पास झाले तेव्हा नापास म्हणून तिच्याकडून समजूत काढून घेतली. संध्याकाळी ती ओट्यावर बसली नाही. पाय दुखतात म्हणाली.

परवा सकाळी ह्यांनी चहाच्या वेळी कागद पुढे केला. माझी फर्म बंद करायची आणि तीच जागा, तीच यंत्रं, तीच माणसं ह्यांच्या नावाच्या फर्मला द्यायची. पाटी तशीच ठेवायची, कारण गिऱ्हाईक नाव ओळखतं. "काही वर्षं माझ्या नावाने धंदा दिसला की पुन्हा अर्ज करू," ते म्हणाले. "जाऊच आपण. दोघं." ते मनापासून म्हणाले, हे मला माहीत आहे. खाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक फुली होती.

मी कागद उचलला आणि वाचायला लागले. ह्यांनी कप बशीत ठेवला. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी वरपासून खालपर्यंत वाचलं. पान उलटून मागचंही वाचलं. सगळं समजलं, एक शब्द अडला नाही. मग मी फुलीवर सही केली.

त्यांनी लगेच सल्लागाराला फोन लावला, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. तो खूश झाला. आता बरोबर केलंत, साहेब, म्हणाला, पुढच्या वेळी मुख्य अर्जदार तुम्हीच. मग त्याला मी ऐकतेय हे कळलं असावं.

"मॅडम," तो म्हणाला, "आता तुम्ही निवांत. अवलंबिताला कोणी काही विचारत नाही."